दिवा गेला की चित्र गेलं? लॅपटॉपच्या पडद्याचं निदान

मंडळी, नमस्कार.

मला बोलावलं तेव्हा मी आयोजकांना एक विनंती केली होती, कुणाचा पडदा बिघडलेला लॅपटॉप असेल तर सोबत घेऊन यायला सांगा. एक आलाय. टेबलावर ठेवलाय तो. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलीचा आहे, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. आठ दिवस झाले, पडदा काळा. दाखवायला नेला तिथे वरवर बघूनच "पॅनेल बदलावं लागेल" असं सांगितलं गेलं, पॅनेल म्हणजे मागच्या दिव्यासकट पडद्याचा अख्खा भाग, आणि आकडा ऐकून तिच्या वडिलांनी लॅपटॉप तसाच घरी आणला. मी त्याला अजून हात लावलेला नाही. बोलणं संपलं की आपण सगळे मिळून बघू.

चिपळुणात मी हे काम वीस वर्षांहून जास्त काळ करतेय. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतानाच माणूस म्हणतो, "ताई, डिस्प्ले गेला." या तीन शब्दांच्या मागे निदान आठ-दहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. त्यातले काही फुकटात बरे होतात, काही पाचशे-हजार रुपयांत, आणि थोडेच असे असतात की ज्यांना खरोखर नवं पॅनेल लागतं. तरीही सगळ्यांत जास्त बदललं जातं ते पॅनेलच. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज इथे उभी आहे.

पावसाळ्यात घरातली लाइट गेली की आपण काय करतो? आधी खिडकीतून शेजारी बघतो. शेजारी उजेड असेल तर गडबड आपल्या घरात. सगळी आळी अंधारात असेल तर डीपीवर काहीतरी उडालंय, वायरमनला फोन. अंधार झाला म्हणून कुणी धावत जाऊन पहिला बल्ब बदलत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. पडदा हा त्या सगळ्या वाटेवरचा शेवटचा बल्ब आहे. चित्र तयार होतं मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, तिथून केबलमधून बिजागरीच्या पोटातून वर चढतं, पॅनेलच्या छोट्या पट्टीवर पोचतं आणि मग काचेवर उमटतं. वाटेत कुठेही अडलं तरी काळोख दिसतो तो पडद्यावरच.

हे मी पैसे घालवून शिकले. २००६ च्या सुमाराला एका निवृत्त गुरुजींनी लॅपटॉप आणला. पडदा काळा. मी पॅनेल मागवलं, मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून. पार्सल एसटीनं यायला चार दिवस लागले. बसवलं, चालू केलं, पडदा काळाच. रात्री दुकान बंद करून मी एकटी ते उघडं यंत्र पुढ्यात घेऊन बसले होते आणि टेबलावरचा दिवा वाकडा करताना त्याचा झोत पडद्यावर तिरका पडला. काळ्या काचेत मला डेस्कटॉपवरची चिन्हं दिसली, अगदी फिकट, पण सगळी जागच्या जागी. चित्र पहिल्यापासून येत होतं. मागचा दिवा पेटत नव्हता, कारण गेली होती ती दिवा पेटवणारी इन्व्हर्टरची छोटी पट्टी. तिची किंमत पॅनेलच्या पासंगालाही पुरत नव्हती. गुरुजींकडून मी पट्टीचेच पैसे घेतले. ते पॅनेल वर्षभर माझ्या कपाटात पडून होतं. त्यानंतर टॉर्च हातात घेतल्याशिवाय मी कुठल्याही काळ्या पडद्याला हात लावलेला नाही.

असं का होतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्या बहुतेक लॅपटॉपांचा पडदा एलसीडी असतो, म्हणजे द्रव स्फटिकांचा. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ विचित्र वागताना दिसला. १४५.५ अंशांना तो वितळायचा पण गढूळ राहायचा, आणि १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ व्हायचा. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रव स्फटिक. त्याला विजेनं वळवता येतं आणि त्यातून प्रकाश अडवता किंवा सोडता येतो, याचा उपयोग पडद्यासाठी करायला पुढे ऐंशी वर्षं गेली. अमेरिकेत आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये असा पडदा जाहीरपणे दाखवला.

पण यातलं एक वाक्य पक्कं लक्षात ठेवा. द्रव स्फटिक स्वतः उजेड देत नाही. तो फक्त झडप उघडतो आणि मिटतो. उजेड येतो मागून. हल्ली पॅनेलच्या खालच्या कडेला एलईडीची बारीक पट्टी असते, तिचा प्रकाश एका पारदर्शक पत्र्यातून सगळीकडे पसरतो, वर धुरकट आणि रेघारेघांचे कागद असतात, आणि त्यांच्या वर झडपांची काच. १९२० बाय १०८० च्या पडद्यात २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन झडपा. म्हणजे बासष्ट लाखांहून जास्त झडपा, आणि मागे दिवा मात्र एकच. त्यामुळे काळा पडदा समोर आला की पहिला प्रश्न हाच, दिवा गेलाय की चित्र गेलंय?

उत्तर काढायला दुकान लागत नाही. खोलीत अंधार करा, लॅपटॉप चालू करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला चिकटवून तिरका धरा आणि हळूहळू सरकवा. फिकट अक्षरं, चिन्हं, बाणाचं टोक काही दिसलं तर चित्र शाबूत आहे, फक्त दिवा गेलाय. मग मदरबोर्ड, रॅम म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, आणि चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप यांच्यावरचा संशय जवळपास संपला. राहिली ती दिव्याची वाट. मदरबोर्डवरचा दिव्याच्या लाइनचा बारीक फ्यूज, केबलमधल्या दिव्याच्या तारा, पॅनेलच्या पट्टीवरची दिवा चालवणारी चिप आणि शेवटी एलईडीची पट्टी. यातली शेवटची दोन बिघडली तर पॅनेल बदलणं रास्त. पहिली दोन स्वस्तात होतात.

त्या फ्यूजबद्दल इथल्या शिकाऊ मुलांना हात जोडून सांगते. तो बहुतेक वेळा आपल्याच हातून उडतो. पूर्वी लॅपटॉपची बॅटरी खालून काढून ठेवता यायची. आता ती आत असते, आणि लॅपटॉप बंद दिसत असला तरी बोर्डावर वीज असते. अशा वेळी डिस्प्लेची केबल काढली किंवा जरा वाकडी बसवली, की दिव्याच्या पिनेवरचा जास्तीचा दाब शेजारच्या पिनेवर जातो. चित्राच्या बाजूला सव्वातीन-साडेतीन व्होल्टवर काम चालतं आणि दिव्याच्या लाइनवर बॅटरीइतका दाब असतो. क्षणभराची ठिणगी, आणि फ्यूज गेला तर नशीब म्हणायचं, कारण कधीकधी चिपच जाते. पाठीमागचं झाकण उघडलं की सगळ्यांत आधी बॅटरीची पिन काढायची, मग पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरायचं, आणि त्यानंतरच केबलला बोट लावायचं. चहा यायची घाई असो की गिऱ्हाईक डोक्यावर उभं असो, हा क्रम मोडायचा नाही.

पडद्याचा रंगही बोलतो. २०१० च्या आधीच्या बऱ्याच लॅपटॉपांमध्ये एलईडीऐवजी बारीक ट्यूबलाइट असायची. ती थकली की सुरुवातीला पडदा गुलाबी-लालसर दिसायचा आणि तापल्यावर जरा सुधारायचा. असे लॅपटॉप आता कमी येतात, पण ग्रामपंचायती आणि शाळांच्या कपाटांतून अजून निघतात. पडदा पूर्ण पांढरा असेल तर ती वेगळीच खूण. जुन्या टीएन प्रकारच्या पॅनेलमध्ये वीज नसली की झडपा उघड्या राहतात, म्हणजे दिवा चालू पण चित्र पोचत नाही, म्हणून पांढरं. नव्या आयपीएस पॅनेलमध्ये वीज नसताना झडपा मिटलेल्या असतात, त्यामुळे तोच बिघाड तिथे काळा दिसतो. अंधारात बघितलं तर त्या काळ्यात राखाडी झाक असते, कारण मागे दिवा पेटलेला असतो. एकाच दुखण्याचे दोन चेहरे. पॅनेल कुठल्या जातीचं आहे हे माहीत नसेल तर इथे फसायला होतं.

आता शेजारी डोकावण्याची गोष्ट. टॉर्च लावूनही काही दिसलं नाही, तर लॅपटॉप घरच्या टीव्हीला एचडीएमआयच्या वायरनं जोडा. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबली की चित्र कुठे पाठवायचं ते निवडता येतं. पडदा काळा असल्यानं ते आंधळेपणानं करावं लागतं, पण बऱ्याचदा नुसती वायर जोडली तरी चित्र तिकडे जातं. टीव्हीवर सगळं व्यवस्थित दिसलं तर यंत्राचा मेंदू ठीक आहे, अडचण केबल किंवा पॅनेलमध्ये. टीव्हीवरही तेच पट्टे, तीच चकमक दिसली तर पॅनेलला दोष देऊ नका, मुळातच चित्र खराब तयार होतंय. एक सावधगिरी मात्र ठेवा. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपांत बाहेरची वायर एका चिपकडून निघते आणि आतला पडदा दुसऱ्या चिपवर चालतो. तिथे टीव्हीची साक्ष अर्धीच धरायची.

टीव्हीवरही काही आलं नाही तर लॅपटॉप जिवंत आहे का ते बघा. कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा बारका दिवा लागतोय-विझतोय का? तो बटणाला जुमानत असेल तर यंत्र चालू झालंय. काहीच हालचाल नसेल तर पडद्याचा विषयच नाही. अशा वेळी रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरानं हलके पुसून परत बसवले की "डिस्प्ले गेलेला" लॅपटॉप सुरू झाल्याचं मी कितीतरी वेळा पाहिलंय. आपल्याकडच्या दमट हवेत त्या पायांवर थर धरतो, दुसरं काही नाही.

पडद्यावर रेघा किंवा चकमक असेल तर माझी आवडती परीक्षा स्क्रीनशॉटची. पडद्याचा स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर पाठवून तिथे उघडा. रेघा स्क्रीनशॉटमध्येही असतील तर त्या ग्राफिक्स चिप किंवा ड्रायव्हरकडून, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, येताहेत, पॅनेल निर्दोष आहे. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसलं तर बहुतेक करून केबल नाहीतर पॅनेल. ही परीक्षा घरी बसून करता येते. माझं एक गिऱ्हाईक दुबईला असतं, मूळचं गुहागरचं. त्यांनी मला तिथून स्क्रीनशॉट पाठवला आणि वर मोबाइलनं काढलेला पडद्याचा फोटो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला इथून सांगता आलं की पॅनेल घेऊ नका, आधी ड्रायव्हर काढून नव्यानं टाका. त्यांचं काम तेवढ्यावर झालं.

ड्रायव्हरचा संशय असेल तर आणखी दोन खुणा सांगते. लॅपटॉप चालू करून विंडोज यायच्या आधी बायोसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या, पानावर जा आणि पाच मिनिटं थांबा. तिथेही रेघा असतील तर ड्रायव्हरचा संबंध नाही, तो अजून जागाच झालेला नसतो. विंडोजमध्ये गेल्यावर पडदा लुकलुकत असेल तर टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅम दाखवणारी खिडकी, उघडा. त्याच्यासकट सगळं लुकलुकलं तर ड्रायव्हर, तो स्थिर राहून बाकीचं लुकलुकलं तर एखादा प्रोग्रॅम. डेलच्या लॅपटॉपमध्ये डी दाबून ठेवून पॉवरचं बटण दाबलं की पॅनेल स्वतःची चाचणी घेतं, पूर्ण पडदा एकामागून एक पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा होतो. त्या सपाट रंगांवर रेघ दिसली तर दोष पॅनेलच्या बाजूचा.

रेघांवर जरा थांबूया, कारण माणसं सगळ्यांत जास्त घाबरतात ती रेघांना. पडद्यावरच्या झडपा उभ्या आणि आडव्या तारांच्या जाळीवर बसलेल्या असतात. उभ्या तारांना चालवणाऱ्या चिपा पॅनेलच्या एका लांब कडेला असतात, लॅपटॉपमध्ये बहुतेक खालच्या. आडव्या तारांची व्यवस्था बाजूच्या कडेला. त्यामुळे वरपासून खालपर्यंत एकच केसासारखी उभी रेघ असेल, कायम त्याच जागी, कोन बदलला तरी न हलणारी, तर एका तारेचं काचेच्या कडेवरचं चिकटवलेलं जोडकाम सुटलंय. पडद्याचा एक उभा पट्टाच्या पट्टा गेला असेल तर त्या भागाची चिप किंवा तिचं जोडकाम. आडवी रेघ असेल तर बाजूचा भाग. नव्या पॅनेलमध्ये तो भाग काचेवरच छापलेला असतो, वेगळी चिपच नसते, मग दुरुस्त काय करणार?

तुमच्यापैकी कुणीतरी कडेची चौकट दाबल्यावर रेघ नाहीशी झालेली बघितली असेल. जोडकाम सुटत असल्याची ती खूण आहे. चिमटा लावून किंवा आत पुठ्ठ्याचा तुकडा खुपसून ती रेघ काही दिवस दबून राहते. मी ते करत नाही. पंधरा दिवसांनी रेघ परत येते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो परत येत नाही. एका रेघेनं काम अडत नसेल तर मी सांगते, आहे तसाच वापरा, पैसे साठवा, दुसरी रेघ आली की या.

या उभ्या रेघांचं एक कारण आपल्या हातात आहे. पडदा पुसताना लोक त्यावर थेट पाणी किंवा काच पुसायचं द्रावण फवारतात. ओघळ खाली जातो, चौकटीच्या फटीतून आत शिरतो आणि बरोबर त्या चिपांच्या कडेवर जाऊन बसतो. दोन दिवसांनी रेघा. कपडा ओला करा, पिळा, आणि मग पुसा. पडद्यावर कधीच काही फवारू नका.

आता केबल. माझ्याकडे येणाऱ्या बिघाडांत जिच्यावर सर्वात जास्त अन्याय होतो ती ही. झाकण पुढे-मागे केल्यावर चित्र येतं-जातं, एका विशिष्ट कोनात पडदा ठीक असतो, तर दहापैकी नऊ वेळा मी आधी केबल बघते. आतल्या तारा केसाइतक्या बारीक असतात. दिवसातून दहा वेळा झाकण उघडलं-मिटलं तर वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त वेळा ती त्याच जागी वाकते. त्यात बिजागरी घट्ट झाली, तिचे स्क्रू धरणारे प्लॅस्टिकचे पाय फुटले, की बिजागरी वर उचलली जाते आणि केबलला चिमटा बसतो. झाकण उघडताना कट्कन आवाज येत असेल तर तो ऐकून सोडून देऊ नका. त्या वेळी बिजागरीची दुरुस्ती झाली तर केबल वाचते, आणि कधीकधी पॅनेलसुद्धा, कारण वेडीवाकडी ओढ बसून काच कोपऱ्यातून तडकते.

जुन्या आणि नव्या केबलींची लक्षणं वेगळी असतात. जुन्या एलव्हीडीएस पद्धतीत रंगांची माहिती वेगवेगळ्या जोड्यांमधून जायची. एक जोडी तुटली की सगळ्या पडद्याचे रंग बिघडायचे, माणसांचे चेहरे हिरवट नाहीतर भडक पट्ट्यांचे दिसायचे. २००८ च्या अखेरीस ईडीपी नावाची पद्धत ठरली आणि पुढच्या काही वर्षांत ती सगळीकडे आली. तिच्यात केबल कमकुवत झाली की रंग क्वचितच बिघडतात. पडदा लुकलुकतो, क्षणभर काळा होतो, परत येतो, आणि एक दिवस येतच नाही. म्हणून नव्या लॅपटॉपचा पडदा मधूनमधून जातोय-येतोय म्हटलं की मी बिजागरीकडे बघते.

हे फक्त स्वस्त यंत्रांत होतं असं कुणाला वाटत असेल तर अॅपलचं उदाहरण घ्या. २०१६ पासूनच्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याच्या खालच्या कडेला नाटकाच्या रंगमंचावर खालून दिवे सोडल्यासारखे उजेडाचे झोत दिसू लागले, आणि मग दिवाच जाऊ लागला. पातळ चपटी केबल झाकण उघडताना एका कडेवर ताणली जात होती. मे २०१९ मध्ये कंपनीनं १३ इंची मॉडेलसाठी ती मोफत दुरुस्त करून द्यायची योजना जाहीर केली. २०१८ च्या मॉडेलमध्ये ती केबल सुमारे २ मिलिमीटर लांब केलेली होती, हे यंत्रं उघडून बघणाऱ्यांनी आधीच मोजलं होतं. दोन मिलिमीटर! बिजागरीतली ढील किती महत्त्वाची ते एवढ्यावरून कळावं. केबल बदलताना ती जुन्याच वळणानं, जुन्याच खोबणीतून नेली नाही तर सहा महिन्यांत गिऱ्हाईक परत येतं.

ग्राफिक्स चिपबद्दल थोडक्यात बोलते. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपांच्या बांधणीतलं साहित्य कमकुवत असल्याचं मान्य केलं आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवत असल्याचं सांगितलं. तापून-निवून चिपखालचे बारीक टाके सुटायचे आणि पडद्यावर चौकडी, ठिपके, नाहीतर पूर्ण काळोख. तेव्हापासून चिप गरम हवेनं तापवून जिवंत करायची पद्धत बाजारात रुळली. तापवलेली चिप चालते, हे खरं. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नाही. जो हे काम करून कायमची दुरुस्ती म्हणून पैसे घेतो तो गिऱ्हाइकाला फसवतो, हे मी स्पष्ट बोलते.

जे बिघाडच नसतात त्यांचीही यादी मोठी आहे. पडदा पिवळा पडलाय म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या यंत्रात रात्रीचा उबदार प्रकाश चालू राहिलेला असतो. पडदा अचानक काळा-पांढरा झाला तर रंगांचं फिल्टर चुकून लागलेलं असतं. पांढरं पान उघडलं की उजेड वाढतो आणि काळं उघडलं की मंदावतो, हीदेखील वीज वाचवायची सोय आहे, सेटिंगमध्ये बंद करता येते. आणि एक गोष्ट मला फार समाधान देऊन गेली. एका बँकेत काम करणाऱ्या बाई आल्या. टाइप करता करता पडदा काळा होतो, हात उचलला की परत येतो. दोन ठिकाणी पॅनेल बदला म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना माझ्यासमोर टाइप करायला बसवलं आणि नुसतं बघत राहिले. त्यांच्या डाव्या मनगटावर लोहचुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. लॅपटॉपचं झाकण मिटलंय की नाही हे ओळखायला झाकणात छोटं चुंबक आणि तळाशी ते ओळखणारा सेन्सर असतो. मनगट त्याच्यावर आलं की यंत्राला वाटायचं झाकण मिटलं. घड्याळ उजव्या हाताला गेलं आणि पडदा सुधारला. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला, किंवा चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर कीबोर्डजवळ ठेवलं, तरी असंच होतं.

आपल्या हवेबद्दल बोलल्याशिवाय चिपळूणमधलं व्याख्यान पुरं होणार नाही. जून ते सप्टेंबर कपाटात बंद राहिलेल्या लॅपटॉपच्या केबलीच्या टोकांवर हिरवट थर धरतो. पावसाळ्यात वापर नसला तरी दर दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवा, आतली ऊब दमटपणा घालवते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कित्येक महिने माझ्याकडे पुराचे लॅपटॉप येत होते. लोकांनी ते तांदळात पुरून ठेवले होते. तांदूळ गाळ काढत नाही, आणि मधल्या काळात बोर्ड गंजतो. बोर्ड अल्कोहोलनं धुऊन काही वाचले. पॅनेल मात्र फारसं वाचलं नाही. पाणी त्या धुरकट कागदांच्या मधे केशाकर्षणानं चढतं आणि वाळल्यावर नकाशासारखे डाग ठेवून जातं. डाग असूनही चित्र नीट असेल तर ज्यांना परवडत नव्हतं त्यांना मी तसेच वापरायला दिले. कितीतरी पोरांनी त्या वर्षीचे ऑनलाइन तास डागाळलेल्या पडद्यांवर केले.

मुंग्यांचं विचारलंत, बरं झालं. होय, बारीक मुंगी काचेच्या मागे, उजेडाच्या कागदावर जाऊन फिरते. तिला काचेवरून दाबू नका. ती तिथेच मेली की तो कायमचा ठिपका. पडदा बंद करून खोलीत अंधार करा आणि कडेशी टेबललॅम्प लावून ठेवा, ती बहुधा उजेडाकडे निघून जाते.

मेलेल्या ठिपक्यांचा प्रश्न आलाय. कायम काळा ठिपका म्हणजे झडप मिटलेली राहिली, कायम लाल-हिरवा म्हणजे उघडी राहिली. किती ठिपके चालतील याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. जुन्या आयएसओ १३४०६-२ मध्ये दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दहा लाख ठिपक्यांमागे कायम उजळ दोन, कायम काळे दोन आणि एकेका रंगाचे दोष पाच इतके माफ होते. म्हणून एका ठिपक्यासाठी वॉरंटीत पॅनेल मिळेलच असं धरून चालू नका, वॉरंटीचा कागद वाचा.

आणि पॅनेल खरोखर गेलंच असेल तर? पाठीमागच्या लेबलवरचा नंबर उतरवून घ्या. त्यातला १५६ म्हणजे १५.६ इंच, १४० म्हणजे १४ इंच. पण नुसत्या इंचांवर घेऊ नका. पिना तीस की चाळीस, कनेक्टर कुठल्या बाजूला, ठिपक्यांची संख्या, कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, हे सगळं जुळायला लागतं. जुनं पॅनेल आपल्यासमोर काढायला सांगा आणि परत मागून घ्या. ते तुमचं आहे.

चला, आता या मुलीचा लॅपटॉप. मागचे पंखे-दिवे जरा बंद करता का? खिडकीही ओढून घ्या. चालू केला. पंखा फिरतोय, ऐकू येतंय का मागे? कॅप्स लॉक... लागला, विझला. म्हणजे जिवंत आहे. आता टॉर्च. पुढे या, दोघं-तिघं या. हा कोपरा बघा. दिसतंय? पासवर्डची चौकट आहे ती. आणि तो मागे फोटो, डोंगर दिसतोय. चित्र आहे, दिवा नाही. आता मी झाकण हळू मागे नेते, हळू... थांबा. चमकलं! बघितलंत ना? पुन्हा नेते. हो, इथे पेटतोय आणि इथे विझतोय. डाव्या बिजागरीपाशी हात लावून बघा, चौकट उचललीय, आतला पाय फुटलाय. केबल तिथे चिमटलीय.

उघडून बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही. एलईडीची पट्टी या कोनात पेटतेय म्हणजे ती आणि फ्यूज दोन्ही धड आहेत, एवढं आत्ता सांगते. झाकण आता जास्त हलवू नकोस गं, तार उघडी पडून एकमेकीला लागली तर फ्यूजही जाईल. घरी टीव्हीला जोडून आजच रात्री तुझ्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घे. परीक्षा कधी आहे तुझी?

सोळाला? मग उद्या सकाळी दहाला दुकानात ये. बाबांनाही घेऊन ये, त्यांच्यासमोरच उघडू.